अर्धी फेरी

४ फेब्रुवारी

वन्सं,

फोन न करता पत्र लिहिते म्हणून रागावू नका. फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही. त्यात नणंदेचा दोष नाही, पशुसंवर्धन खात्यात जन्म काढल्याचा आहे. समोरचं माणूस काय सांगणार हे तुम्हाला त्याच्या आधी कळतं. कागदाला मधेच तोडता येत नाही, एवढं त्याचं बरं.

तर पिंजरे गेले. भंगारवाल्याने कापून काढले, ट्रकमध्ये भरले आणि जाताना मला विचारलं, "काकू, आता कोंबड्या कुठे ठेवणार, कपाटात?" तुमच्या समितीच्या पिंजराबंदीच्या नियमाप्रमाणे शेडमध्ये आता तार म्हणून उरलेली नाही. फरशी अ‍ॅसिड टाकून धुतली, वर लाकडाचा नवा भुसा पसरला. बसायला दांड्या, भिंतीशी अंडी घालायचे खोके, आणि एका भिंतीला तळाशी लहान झडपा, त्यांतून बाहेरच्या कुंपणात जायचं. सगळं तुमच्या छापील पुस्तिकेतल्या चित्रासारखं. चित्रातल्या कोंबड्या हसल्यासारख्या दिसतात, तेवढं सोडून.

नव्या कोंबड्या, कोवळ्या तलंगा, सोमवारी आल्या. जमिनीवर वाढवलेल्या आहेत. पिंजरा त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

सोडल्यावर थोडा वेळ नेहमीचा गोंधळ झाला. मग त्या रांगेत उभ्या राहिल्या. रांगेत म्हणजे पिंजऱ्यांच्या रांगेत. शेडच्या मधून जी चालायची वाट होती, तिच्या दोन्ही अंगांना, जिथे पिंजरे होते नेमक्या तिथे. चार-चारचे गट, अंगाला अंग लावून, आणि दोन गटांच्या मधे बोटभर फट, जिथे जाळी असायची. वाट मोकळी. वाटेवर एकही कोंबडी नाही. मी वाटेने चालले की माना पुढे काढतात. पूर्वीच्या कोंबड्या तारेतून मान काढून खाद्याच्या पन्हळीत चोच घालायच्या ना, तशा. आता पन्हळ नाही आणि तारही नाही.

मार्चअखेर तपासणी आहे. पुस्तिकेत लिहिलंय की कोंबड्या "सर्वत्र पसरलेल्या व बाहेरच्या जागेचा वापर करताना" आढळल्या पाहिजेत. तशा आढळल्या नाहीत तर अंड्यावर शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर शेडचा परवाना जाणार. तुमचे दादा गेल्यापासून ह्या शेडशिवाय मला काही नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

काय करू ते लिहा. ओरडलात तरी चालेल, पण पत्रात ओरडा.

तुमची वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

ओरडण्यासारखं काही नाही. कोंबड्यांत असे प्रकार दिसतात आणि त्यांना कारणं असतात. तुझ्या शेडच्या दिव्यांची ओळ चालायच्या वाटेवर आहे. उजेड वाटेवर पडतो, दोन्ही बाजूंना सावली राहते, आणि नवी पाखरं सावलीत थांबतात. चारचे गट कशामुळे होतात ते मी इथे बसून सांगू शकत नाही. फरशीत ओल धरणारे चौकोन असतील. इतकी वर्षं एकाच जागी लोखंडाचे पाय होते. अ‍ॅसिडने डाग जातो, ओल जात नाही.

आता कर काय. एक, दिवे दोन्ही भिंतींकडे हलव. दुसरं, खाद्याचे डबे वाटेवरच टांग, म्हणजे त्यांना वाटेवर यावंच लागेल. भूक सगळ्यांना शिकवते. झडपा सकाळी उजाडल्याबरोबर उघडायच्या आणि अंधार पडेपर्यंत बंद करायच्या नाहीत. बाहेर थोडं धान्य टाक. एक बाहेर गेली की बाकीच्या जातात.

माना पुढे काढतात हे तू मनाने जोडते आहेस. कोंबडी चालताना, बघताना, विचार न करतानाही मान पुढे काढते.

तपासणीबद्दल लिहिलंस म्हणून स्पष्ट सांगते. मी निवृत्त झाले आहे, आणि नसते झाले तरी शब्द टाकला नसता. दादा ह्या नियमाला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचा. ते त्याने माझ्या तोंडावर म्हटलं, समितीपुढे येऊन, लोकांसमोर. "बाईसाहेब, तुमच्या नियमाने अंडं महाग होईल, ते कोण खाणार ते पण कलमात लिहा." मी म्हटलं, स्वस्त अंडं कुणाच्या जिवावर ते आधी लिहू. उभ्या जन्मात पंख पसरता येणार नाही एवढ्या जागेत जनावर ठेवायचं आणि त्याला शेती म्हणायचं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही. बोलेल म्हणून मी थांबले होते. असो.

दिवे हलव आणि कळव.

वन्सं

२० फेब्रुवारी

वन्सं,

दिवे हलवले. डबेही वाटेवर टांगले. सबंध दिवस एकाही कोंबडीने वाटेवर पाऊल टाकलं नाही. डब्यांकडे बघत उपाशी उभ्या राहिल्या. भूक सगळ्यांना शिकवते, पण यांना तिने शिकवलं नाही. संध्याकाळी मला बघवेना, मी डबे पुन्हा रांगांवर नेले. तेव्हा अशा तुटून पडल्या, की जनावराला उपाशी ठेवल्याबद्दल तुमच्याच नियमाने मला पकडून नेलं असतं.

आता पुढचं सांगायचं तर मला ह्यांच्या, तुमच्या दादांच्या, फेरीचं सांगावं लागेल. तुम्ही ती इथे कधी पाहिली नाही.

शेडमध्ये कुणी अचानक शिरायचं नसतं, हे तुम्हाला माहीत आहे. कोंबड्या दचकल्या तर कोपऱ्यात एकीवर एक चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात. म्हणून आधी दारावर टकटक करायची, जरा थांबायचं, मग आत. एवढं सगळेच करतात. पण हे स्वतः जातानाही टकटक करायचे. चहाच्या आधी पुढच्या दाराने आत जायचे, प्रत्येक पिंजऱ्याशी थांबत वाटेने चालायचे, आणि मागच्या दाराशी पोचले की आतून टकटक करून मग बाहेर पडायचे. मी हसायची. हे म्हणायचे, "येताना सांगतो, मग जाताना नको सांगायला? पाहुण्याच्या घरून तू न सांगता उठतेस का?" ती टकटक झाली की शेड सैल पडायची. कुरकुर सुरू व्हायची, पाणी पिणं सुरू व्हायचं. फेरी संपली, हे त्यांना कळायचं.

गेल्या सप्टेंबरात फेरी संपली नाही. मधल्या खांबापाशी हे पडले. मी पोचले तेव्हा दोन्ही बाजूंच्या कोंबड्या तारेतून माना काढून खाली बघत होत्या. आवाज कसलाही नव्हता. त्या कोंबड्या पुढे विकल्या. त्यांतली एकही आता इथे नाही.

परवा चहाच्या आधी मी बाहेर जाळीच्या खिडकीशी उभी होते. आत कुणी नव्हतं. पुढच्या दाराशी उभ्या असलेल्या कोंबड्यांनी माना वळवल्या. मग त्यांच्या पुढच्यांनी. मग त्यांच्या पुढच्यांनी. दोन्ही बाजूंना एकदम, वाटेने कुणी सावकाश चालत यावं तशा. मधेमधे थांबत होत्या. ते वळणं मधल्या खांबापर्यंत आलं आणि तिथे सगळ्यांनी माना खाली केल्या. त्यापलीकडच्या कोंबड्या हलल्या नाहीत. त्या नुसत्या मागच्या दाराकडे बघत राहिल्या. मी टकटक करून आत जाईपर्यंत सगळ्या तशाच होत्या.

काल पण तसंच. आज पण.

मी घाबरले नाही. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते.

वहिनी

२६ फेब्रुवारी

वहिनी,

तू घाबरली नाहीस हेच मला बरं वाटलं नाही.

तू एकटी राहतेस. सबंध दिवस शेड, आणि शेडनंतर रिकामं घर. माणसाला जे हवं असतं ते दिसतं, यात लाजण्यासारखं काही नाही, पण त्याच्या भरवशावर धंदा चालवता येत नाही. मागच्या दाराकडून वारा येतो. कोंबडी वाऱ्याकडे तोंड करते. मधल्या खांबाखाली उंदरांनी घर केलं असेल. तो खांब बघून घे, खाली खोदून बघ. मी गुरांच्या डॉक्टरांना लिहिलं आहे. माझ्या हाताखाली होते, माणूस चोख आहे. ते येतील तेव्हा चहाला थांबवून ठेव आणि जे दिसतं म्हणतेस ते त्यांनाही दिसू दे.

दादाच्या फेरीचं मला सांगू नकोस. तू लग्न होऊन येण्याच्या आधीपासून मला ती माहीत आहे. घरामागे आमचं खुराडं होतं. त्यालाही तो टकटक करायचा. खुराड्याला! अंडी काढून तो दोन्ही हातांत घ्यायचा, मी मागे टोपली घेऊन उभी असायचे, पण अंडी टोपलीत ठेवायला त्याचा जीव होत नसे. म्हणून जाताना टकटक करायचं काम माझं. "तू सांग गं," म्हणायचा, "माझे हात भरलेत." मी विसरले तर तिथेच उभा राहायचा. हलायचाच नाही. आईने हाका मारल्या तरी.

हे मी का लिहिलं कळत नाही.

एक प्रश्न विचारते आणि त्याचं सरळ उत्तर दे. झडपा उघडतेस ना? पत्रात त्यांचा उल्लेख नाही. दिवे लिहिलेस, डबे लिहिलेस, झडपा गाळल्यास. खात्यात असताना मी लोकांचे कागद असेच वाचायचे.

वन्सं

१५ मार्च

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. कामं होती.

खांबाखाली काही नाही. उंदीर नाहीत, ओल नाही, पोकळी नाही. तुमचे डॉक्टर येऊन गेले. कोंबड्या ठणठणीत आहेत म्हणाले. चोच, पिसं, पाय सगळं उत्तम. अंडी भरपूर येतात. इतकी शांत शेड आपण पाहिली नाही, असंही म्हणाले. चहाला थांबवलं होतं. फेरीच्या वेळी खिडकीशी उभे राहिले. कप अर्धा ठेवून उठले, आणि जाताना माझ्या दाराला टकटक करून गेले. सवय लागली असेल.

झडपांचं विचारलंत. हवा अजून गार आहे.

मी आता दुपारी खिडकीशी खुर्ची टाकते. चहाही तिथेच नेते. कप दोन होतात, हाताला वळण पडलंय. कोंबड्यांच्या माना वळायला लागल्या की कुठवर आलं ते कळतं. काही दिवस लवकर येतं, काही दिवस रेंगाळतं. डाव्या बाजूच्या तिसऱ्या गटाशी नेहमी जास्त वेळ थांबतं. तिथे ह्यांची लाडकी लंगडी कोंबडी असायची.

तपासणीची काळजी करू नका.

वहिनी

२० मार्च

वहिनी,

डॉक्टरांचं पत्र मला तुझ्या पत्राच्या आधी मिळालं. त्यांनी खिडकीतून काय पाहिलं त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. पण एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. झडपा बाहेरून तारेने बांधलेल्या आहेत. पीळ घालून, पक्क्या. तार जुन्या पिंजऱ्याची आहे.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तू पिंजरे काढलेस आणि शेडचाच पिंजरा केलास. त्या रांगा सोडत नाहीत असं मला लिहीत होतीस, आणि त्यांना बाहेर जाता येत नव्हतं. तपासणीस येईल, तार बघेल, आणि शिक्क्याचा प्रश्नच उरणार नाही. परवाना जाईल, शेडला कुलूप लागेल आणि कोंबड्या ट्रकने जातील. कुठे जातील हे तुला माहीत आहे. त्यानंतर तू कोणत्या खिडकीशी खुर्ची टाकणार आहेस?

मला समजत नाही असं समजू नकोस. झडपा उघडल्या तर त्या पांगतील, आणि पांगल्या तर माना वळणार नाहीत. म्हणून तू त्या बांधल्यास. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, ते मी इथे लिहिणार नाही. नियम माझा आहे.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी येते आहे. सकाळच्या बसने. तारा मी स्वतः काढीन. पक्कड तयार ठेव. जेवायला काही विशेष करू नकोस.

वन्सं

८ एप्रिल

वन्सं,

परवाना आला. अंड्यांवर शिक्का बसतो आहे. तपासणीस शेऱ्यात "उत्कृष्ट" लिहून गेला. त्याने आवाराचे फोटो घेतले, तुमच्या पुढच्या पुस्तिकेत छापतील. आता चित्रातल्या आणि इथल्या कोंबड्यांत फरक नाही. त्या मातीत लोळतात, दांडीवर भांडतात, कुंपणापर्यंत पळतात, दुपारी सावली मिळेल तिथे पडतात. सगळं नैसर्गिक. तुम्ही केलंत, आणि त्यासाठी मी तुमचे उपकार मानायला पाहिजेत. मानते.

आता जे लिहिते ते मी तुमच्या तोंडावर बोलू शकले नाही. तुम्ही त्याच संध्याकाळी निघालात. राहा म्हटलं तर "कामं आहेत" म्हणालात. तुम्हाला काय कामं आहेत ते मला माहीत आहे.

तारा काढून झाल्यावरही कोंबड्या बाहेर गेल्या नाहीत. झडपा उघड्या, ऊन आत आलेलं, आणि त्या रांगेत उभ्या. तुम्ही मला म्हणालात, "तू घरात जा." मी गेले नाही, खिडकीशी गेले. तुम्ही दाराजवळचे ह्यांचे गमबूट घातलेत. आत घालायची पादत्राणं वेगळी पाहिजेत हा नियमच आहे, पण माझेही तिथेच होते. दारावर टकटक केलीत आणि आत शिरलात.

तुम्ही एकट्या चालत होतात, पण माना तुमच्याकडे नव्हत्या. तुमच्या जरा पुढे होत्या. एखाद्याच्या मागून चालावं तशा तुम्ही चालत होतात, तो थांबला की थांबत. डाव्या बाजूच्या तिसऱ्या गटाशीही थांबलात. ते मी तुम्हाला पत्रात लिहिलं होतं खरं. पण तुम्ही हात असा धरला होता, टोपली धरावी तसा, ते मी लिहिलं नव्हतं.

मधल्या खांबाशी सगळ्यांनी माना खाली केल्या. तुम्हीही केलीत. किती वेळ ते मला माहीत नाही, माझा चहा गार झाला. मग तुम्ही काही बोललात. ओठ हलले, एवढं दिसलं. आणि तुम्ही पुढे निघालात.

खांबाच्या पलीकडच्या कोंबड्यांनी तेव्हा पहिल्यांदा माना वळवल्या. एकीपुढे एक, मागच्या दारापर्यंत. या खेपेला त्या तुमच्या मागे बघत होत्या. दाराशी तुम्ही आतून टकटक केलीत.

एवढा आवाज मी त्या शेडमध्ये कधी ऐकला नव्हता. पंख, धूळ, कलकलाट. रांगा मोडल्या. वाटेवर पाय टाकून, एकमेकींना ढकलून सगळ्या झडपांतून बाहेर. जणू इतके दिवस कुणी त्यांना बसवून ठेवलं होतं आणि आता जा म्हणालं.

दुपारी आता काही नसतं. मी खुर्ची टाकते. कोंबड्या असतात, नुसत्या कोंबड्या.

वन्सं, तुम्ही बाहेर पडल्यावर दार लगेच सोडलं नाहीत. मागून कुणी येतंय, त्याचे हात भरलेले आहेत, अशा तुम्ही ते धरून उभ्या राहिलात. मग सोडलंत. मी पाहिलं.

ह्यांना कुठे नेलंत?

वहिनी

१७ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा उत्तर लिहिलं ते फाडलं. त्यात मी वारा आणि उजेड यांच्याबद्दल लिहिलं होतं.

जे झालं ते सांगते. बसला गर्दी होती. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, आणि तिथे कुणी बसलं नाही. एक बाई बसायला वाकली, मग मला म्हणाली, "यांचं आहे का?" आणि उत्तराची वाट न बघता दांडा धरून उभी राहिली. मी खिडकीकडे तोंड केलं. मी थकले होते.

माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, तू आली आहेस. जिन्यापासून माझ्या दारापर्यंत लांब सज्जा, आणि सज्ज्याच्या कठड्यावर कबुतरं. इमारतीतले सगळे त्यांना शिव्या घालतात. मीही घालते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, चहाचं आधण ठेवलं होतं, आणि बाहेरची घुमघुम एकदम थांबली. खिडकीतून पाहिलं. कबुतरं कठड्यावर ओळीने बसली होती. जिन्याजवळच्याने मान वळवली. मग त्याच्या शेजारच्याने. मग त्याच्या. माझ्या दारापर्यंत.

मग टकटक झाली.

मी दार उघडलं. कुणी नव्हतं. मी ते थोडा वेळ उघडं धरलं आणि लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून चौकट तपासून घेतली. तो म्हणाला, लाकूड सुकं आहे, दार सरळ आहे, तुम्हाला शेजाऱ्यांची मुलं त्रास देत असतील. इमारतीत मुलं नाहीत. त्यानंतर मी सुताराला बोलावलं नाही.

रोज येतो. मी दार उघडते, धरते, लावते. समोरची खुर्ची रिकामी करून ठेवली आहे, तिच्यावर पूर्वी वर्तमानपत्रांचा गठ्ठा असायचा. आपण दोघं बसतो असं मी म्हणणार नाही. मी बसते. समितीचा नियम मी काढला आहे, मूळ प्रत, आणि पहिल्या कलमापासून मोठ्याने वाचते. प्रत्येक कलमाला थांबते. त्याला काही म्हणायचं असेल तर म्हणावं. पिंजऱ्याच्या कलमाशी आम्ही काल पोचलो. तिथे मी मुद्दाम जास्त थांबले. मला वाटलं होतं चहाचा कप तरी हलेल. हलला नाही. पण जन्मात पहिल्यांदा त्याने मला मधेच तोडलं नाही, आणि मीही त्याला. अंडं महाग झालं आहे, हेही मी त्याला सांगितलं. त्याचं ते बरोबर होतं. पंखांचं माझं बरोबर आहे. तेही सांगितलं.

खांबाशी मी काय बोलले असं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. "दादा, चल, मी सांगते त्यांना," एवढंच म्हणाले. खुराड्याशी म्हणायचे तेच. तो निघून तुझ्याकडे घरात येईल, असं मला वाटलं होतं. माझ्यामागे येईल असं वाटलं नव्हतं. हे खरं आहे. विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस.

जाताना तो टकटक करत नाही. ते काम माझं, आणि मी ते केलेलं नाही. केलं की तो जाईल, हे मला माहीत आहे. तू बांधलेल्या तारेवरून मी तुला काय काय लिहिलं, तेही मला आठवतं.

तो तुझा आहे. तू येऊन घेऊन जा. येताना गमबूट आण, तो बुटांच्या मागे येतो असं मला वाटतं. मी दाराशी उभी राहून टकटक करीन आणि दार धरीन. यात कसूर होणार नाही.

पण या आठवड्यात येऊ नकोस. पुढच्याही नको. नियम मोठा आहे, आणि अजून बरीच कलमं राहिली आहेत.

वन्सं